तिघींनी घेतलेली आण

त्या शुक्रवारची घटना मी विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर विसरावी असं मला वाटतही नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जमिनीच्या भांडणात सख्ख्या भावांनी फोडलेली डोकी पाहिली. त्यातलं पुष्कळसं आता धूसर झालंय. या प्रकरणात मात्र ना गुन्हा होता, ना आरोपी, तरी त्याचा तास न् तास माझ्या लक्षात आहे. नावं सांगणार नाही. ठाणं कुठलं तेही नाही. डिचोली-पेडण्याच्या बाजूचं एक, एवढं वाचकांना पुरे.

तेव्हा मी निरीक्षक होतो आणि स्वभावाने तापट होतो. ठाण्यातली माणसं माझ्या पाठीमागे मला 'मिरसांग' म्हणत, म्हणजे मिरची. मला ते ठाऊक होतं आणि थोडा अभिमानही होता. माणूस समोर बसला की दहा मिनिटांत त्याला बोलता करायचा, अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीचा त्या दिवशी पार बोऱ्या वाजला.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक पन्नाशीचा माणूस उभा होता. खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, मूळचा सिंधुदुर्गातला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कामासाठी इकडे आला आणि इथलाच झाला. त्याची मुलगी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती, तिथेच वसतिगृहात राहायची. रोज सकाळी आठला बापाला फोन करायची. आज फोन आला नव्हता, आणि त्याने केला तर बंद लागत होता. वसतिगृहात चौकशी केली तेव्हा कळलं की ती सहालाच बाहेर पडलीय.

"तीन तास झाले फक्त. येईल," अंमलदार म्हणाला.

"साहेब, माझा चेडू फोन केल्याशिवाय रवणारा न्हय," बाप म्हणाला. "पावसात लाईन गेली तरी शेजाऱ्याच्या फोनवरना करता."

मी आतून ऐकत होतो. आता आमच्या खात्याची एक खोड सांगतो. तरणी मुलगी हरवली, की आमच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, कुणाबरोबर? दहातल्या आठ वेळा तो बरोबरही ठरतो, म्हणून तर खोड जात नाही. मी बापाला आत बोलावून तेच विचारलं. त्याची मान खाली गेली. 'तसला काय नाय' एवढंच तो पुटपुटला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मिसिंगची नोंद घेतली, वायरलेसवर वर्णन दिलं, लॉज तपासायला दोन माणसं पाठवली. माझ्या मते प्रकरण सरळ होतं.

सव्वादहाला ठाण्याच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. "त्या मुलीला लवकर शोधा. तिला एकटी ठेवू नका." एवढं बोलून फोन बंद.

नंबर मिळाला. हरवलेल्या मुलीच्या खोलीतच राहणाऱ्या मैत्रिणीचा. ती सकाळीच पहिल्या गाडीने आपल्या गावी आली होती, ठाण्यापासून पाचसहा किलोमीटरवर. मी महिला शिपाई पाठवून तिला आणि तिच्या आईला ठाण्यात आणवलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता. घाईत मी तो बाजूला ठेवला. चूक माझी, ती इथे लिहून ठेवतो.

बावीस वर्षांची, अंगाने किरकोळ मुलगी. डोळे सुजलेले. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली.

"कोण आहे तो मुलगा?"

"कुणीच नाही."

"मग फोन का केलास?"

ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"कुठे गेलीय ती?"

"मला सांगता येत नाही."

मी टेबलावर हात आपटला. कपातला चहा बशीत सांडला. तुला कोर्टात उभी करीन, तिचं काही झालं तर पहिली तू आत जाशील, असलं काय काय बोललो. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, 'सांगता येत नाही.' तिची आई रडत म्हणत होती, "सांग गो, सांग साहेबांक!" ती आईकडेही बघत नव्हती. पाऊण तास मी डोकं फोडून घेतलं. सराईत चोराने एवढा दम काढला नसता.

आमच्या ठाण्यात एक हवालदार होते. पेडण्याचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, बोलणं कमी. ते दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी मला खुणेने बाहेर बोलावलं.

"साहेब, फट मारणारो, खोटा बोलणारो माणूस 'म्हाका खबर ना' म्हणता," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या पोर 'सांगता येत नाही' म्हणता. हेका सगळा खबर आसा. कोणीतरी हेचा तोंड बांधलाहा."

"कोण? त्या मुलाने धमकी दिलीय?"

"मुलगो-बिलगो कोण ना, साहेब. माका विचारूक दिया."

ते आत गेले. खुर्चीवर न बसता तिच्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे तिला मान वर करून बघावं लागू नये. आणि एवढंच विचारलं, "बाय, आण घेतलंस काय गो तू?"

ती मुलगी जी रडायला लागली! आतापर्यंत माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने झालं. तिने मान हलवली.

"कोणाची?"

"देवीची. नारळावर हात ठेवून." मग हुंदका देत, "आणि तिच्या गळ्याची."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याच्या गळ्याची आण घेतली आणि मोडली, तर पाप लागतं ते मोडणाऱ्याला नाही. ज्याच्या गळ्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं, असं माणसं मानतात. लहानपणापासून ऐकलेलं असतं. एम.एस्सी. झालं म्हणून ते पुसलं जात नाही. त्या पोरीच्या मनात हिशेब साफ होता. मी बोलले तर माझी मैत्रीण मरेल. आणि मी, शहाणा, तिला सांगत होतो की तू बोलली नाहीस तर ती मरेल.

"ही सगळी अंधश्रद्धा आहे," मी सुरू केलं. "शिकलेल्या मुली तुम्ही..."

"साहेब!" हवालदारांनी मला मध्येच तोडलं. बावीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "वाद घालूक वेळ ना. आण घेतत तशी सोडवतत पण."

ठाण्याच्या मागे वडाखाली राखणदाराची घुमटी होती. राखणदार म्हणजे गावाच्या सीमेचं रक्षण करणारा देव. आमचे शिपाई बंदोबस्ताला जाताना तिथे हात जोडून जायचे, मी कधी गेलो नव्हतो. हवालदारांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी समोरच्या दुकानातून नारळ आणवला, पट्टा आणि टोपी काढून ठेवली, मुलीला शेजारी उभं केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागे उभे असलेले दोन शिपाई सवयीने म्हणाले.

"तू बारा वाटांचो राखणदार. ह्या पोरान तुझ्या आणि देवीच्या नावान जी आण घेतली, ती मैत्रिणीच्या मायेपोटी घेतली."

"व्हय म्हाराजा!"

"आज त्याच मैत्रिणीचो जीव राखूक ह्या पोर तोंड उघडता. तर ह्याका आणयेतसून मोकळा कर. काय चुकला-माकला आसात ता माझ्या माथ्यार घाल. आणि त्या चेडवाक सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!"

आणि मी, जो देवळात गेलो तरी घड्याळ बघत उभा राहतो, तो गणवेशात सगळ्या ठाण्यादेखत मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!" का म्हणालो ते सांगता येणार नाही. त्या घटकेला मला ती मुलगी सापडायला हवी होती, बस्स.

नारळ फोडला. मैत्रिणीने डोळे पुसले आणि धडाधडा बोलायला लागली.

हरवलेल्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी खोलीतल्या दोघींना, हिला आणि आणखी एका मैत्रिणीला, सांगितलं होतं की आपल्याला जगावंसंच वाटत नाही, सारखे जीव द्यायचे विचार येतात. दोघी घाबरल्या. तुझ्या बाबांना सांगू या, म्हणाल्या. ती म्हणाली, बाबांना कळलं तर मी लगेच काहीतरी करीन. गावच्या जत्रेला तिघी मिळून गेल्या होत्या, तिथेच देवीसमोर तिने आण घ्यायला लावली. दोघींनी कुणाला सांगायचं नाही. तिने मात्र स्वतःला काही करायचं नाही. सौदा दोन्ही बाजूंनी होता, आणि तिघींनी तो अगदी मनापासून केला होता.

मग या दोघींनी पाळ्या लावल्या. एक जेवायला तिच्याबरोबर, एक ग्रंथालयात. एक झोपली की दुसरी जागी. तिला घेऊन फिरायच्या, हसवायच्या, तिच्या नोट्स लिहून द्यायच्या. परीक्षा आल्या तरी पाळ्या चालूच. दुसरी मैत्रीण आठवड्यापूर्वी तापाने आजारी पडून घरी गेली, तेव्हापासून ही एकटीच.

"काल मला झोप लागली," ती म्हणाली. "फक्त डोळा लागला हो साहेब. जाग आली तर ती नव्हती. मी इकडे गावाकडे आले, म्हटलं ती घरी आली असेल. मला बोलता येईना, म्हणून फोन केला."

मी तोपर्यंत उभा होतो. ते ऐकून खुर्चीवर बसलो. चतुर्थीच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताला शिपाई उभा करतो, तेव्हा आठ-बारा तासांनी बदली पाठवावीच लागते. नाही पाठवली तर धडधाकट माणूस उभ्या उभ्या पेंगतो. या दोन पोरींनी साठ दिवस बदलीशिवाय पहारा केला होता, आणि डोळा लागला म्हणून ती स्वतःला खुनी समजत होती. तिला मी काय बोललो होतो ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती कुठे जाते?" मी विचारलं. या वेळी हळू आवाजात.

"फार झालं की बसमध्ये बसते. कुठल्याही. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. खिडकीशी बसलं की डोकं जरा शांत होतं म्हणते. नेहमी आमच्यातली एक बरोबर असते."

आम्ही दोन तास लॉज शोधत होतो! लगेच माणसं फिरवली. पण गोव्यातल्या खाजगी बसगाड्या म्हणजे काही कमी आहेत? त्यात शुक्रवार, म्हापशाचा बाजार, स्टँडवर मुंगीला शिरायला वाट नाही. वायरलेसवर वर्णन देऊन काही होणार नव्हतं. पुन्हा हवालदारच पुढे झाले. त्यांच्या वाड्यावरचा एक जण म्हापसा लाईनवर कंडक्टर होता. या कंडक्टर लोकांचं एक असतं. रोजचा प्रवासी कोण आणि नवखा कोण ते त्यांना तोंड बघून कळतं, आणि वाटेत दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर काच खाली करून निरोप देतो. मुलीचा फोटो त्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर गेला. मी एकच सूचना दिली. कुणी तिला धरायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं आणि आम्हाला कळवायचं.

एक वाजायला आला होता तेव्हा वास्कोच्या स्टँडवरून फोन आला. सकाळपासून ती तीन बस बदलून तिथे पोचली होती, आणि बाकावर बसून होती. तिथल्या एका कंडक्टरने आपली बॅग ड्रायव्हरच्या हातात दिली, 'वच रे तू' म्हणून बस सोडून दिली, आणि तो तिच्या शेजारी बसला. तिच्यासाठी चहा मागवला. मग म्हणाला, "बाय, तुझी मैत्रीण तुका सोदता. फोनार आसा. उलय, बोल तिच्याकडे."

इकडे फोन आम्ही मैत्रिणीच्या हातात दिला. 

"मी सांगितलं," मैत्रीण म्हणाली. "सगळं सांगितलं. आण सोडवून घेतली गाऱ्हाणं घालून, मग सांगितलं. तुला काही होणार नाही."

पलीकडे बसचा हॉर्न ऐकू आला.  मग बारीक आवाजात प्रश्न आला, "बाबांना पण?"

"बाबा इथेच आहेत."

 मग ती म्हणाली, "बरं केलंस गो. मला आता हे आत धरून ठेववत नव्हतं." आणि दोघी दोन टोकांना रडायला लागल्या.

साध्या कपड्यातली महिला शिपाई तिकडे पोचेपर्यंत तो कंडक्टर बाकावरून हलला नाही.

बापाला सांगायचं काम माझं होतं. बाहेरच्या बाकावर तो सकाळपासून बसून होता. मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने बाजूला सरकून मला बसायला जागा दिली. मग म्हणाला, "माका सांगूक काय झाला तिका? मी काय वाघ होतंय?" मला वाटलं, मुलगी आली की आता हा फटकावणार. तसे बाप मी पाहिलेत. दुपारी ती आली. तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलंस?" ती नाही म्हणाली. समोरच्या हॉटेलातून त्याने पातळभाजी आणि पाव आणला, आणि माझ्याच टेबलावर कागद पसरून बाप-लेक जेवले. मी फायली उचलून बाजूला झालो.

केस वगैरे काही केली नाही. असा विचार करणाऱ्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार हवा, असं आता कायदाही म्हणतो. पण सवय कुठे जाते? निघताना मी तिला विचारलंच, "कारण काय होतं गो?"

"तेच सगळे विचारणार म्हणून सांगत नव्हते," ती म्हणाली. "बाबा चांगले आहेत. मार्क बरे आहेत. कुणी फसवलं नाही. मोठं असं कारण नाहीच, साहेब. मग सांगू काय?"

तीस वर्षं हेतू शोधण्यात घालवलेल्या माणसाला हे उत्तर पचायला जड गेलं. पुढे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी माझं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, ताप येतो तेव्हा तुम्ही कारण कळेपर्यंत औषध थांबवता का? आणखी एक म्हणाल्या. मला वाटायचं की जीव द्यायचा विचार येतो का असं कुणाला सरळ विचारू नये, नसलेलं डोक्यात भरेल. त्या म्हणाल्या, उलट आहे, सरळ विचारा. ज्याच्या मनात असतं त्याला ओझं उतरल्यासारखं वाटतं.

मुलीला बरं व्हायला वेळ लागला. औषधं चालली, मध्ये एकदा पुन्हा खचली, पण या वेळी बापाला स्वतः फोन करून बोलावलं. शिक्षण पूर्ण केलं. मैत्रिणी अजून मैत्रिणी आहेत. नंतर एकदा एका कॉलेजात मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं, तेव्हा मी भाषण असं केलंच नाही. एवढंच सांगितलं, की बाबांनो, दोस्ताला शब्द द्या, जरूर द्या. पण 'कुणाला सांगणार नाही' हा शब्द देऊ नका. 'तुला एकट्याला सोडणार नाही' हा द्या, आणि तो पाळायला दोघं पुरत नाहीत, म्हणून एखादं मोठं माणूस बरोबर घ्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, आपल्याला कळलं ते कळलं.

कळलं होतं की नाही ते गेल्या वर्षी समजलं. मला एक मुलगी आहे, उशिरा झालेली. तीही विद्यापीठात शिकते, शनिवारी घरी येते. गणपतीनंतर ती गप्प गप्प झाली. ताटात माशाचं हुमण तसंच राहायचं, सारखं फोनकडे लक्ष. मी स्वतःला समजावलं, अभ्यासाचा ताण असेल. दोन शनिवार गेले. सराईत गुन्हेगारांना मी काय वाट्टेल ते विचारलंय, पण स्वतःच्या मुलीला तो एक प्रश्न विचारायला माझी जीभ रेटेना. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सोप्यावर दोघंच बसलो होतो, तेव्हा विचारून टाकलं.

"बाय, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "माझ्या नाही, बाबा."

मी सुस्कारा सोडणार, एवढ्यात तिचा चेहरा वाकडा झाला. "माझ्या खोलीतल्या मुलीच्या येतो. कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय मी तिला."

"आता कुठे आहे ती?"

"खोलीवर. एकटीच आहे."

मी उठलो आणि चपला घातल्या. मुलगी माझ्या आधी गाडीपाशी जाऊन उभी राहिली. आतून बायकोने विचारलं, आता कुठे निघालात, जेवणाचं काय?

"येतो," मी म्हटलं. "आज एक पान जास्त मांड."